दोन वर्खांमधले अंतर

अणुकेंद्रकाला ऊर्जेचा धक्का बसला की ते क्षणभर उत्तेजित राहते, मग गॅमा किरण सोडून खालच्या पातळीवर उतरते. हा क्षण बऱ्याचदा काही पिकोसेकंदांचा असतो, आणि एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. असला काळ थेट घड्याळ लावून मोजणे कठीण. म्हणून भौतिकशास्त्रज्ञांनी घड्याळ बाजूला ठेवून फूटपट्टी हाती घेतली. तिचे नाव प्लंजर.

युक्ती उपकरणापेक्षा जुनी आहे. 1924 मध्ये कोपनहेगनच्या जेकबसन यांनी रेडियम सी-प्राइम, म्हणजे आजच्या भाषेत पोलोनियम-214, याचे आयुष्य असेच काढू पाहिले. बीटा क्षयाच्या धक्क्याने अणू पृष्ठभागावरून निर्वातात उडतात; ते किती दूर जाऊन अल्फा कण सोडतात ते पाहायचे. अंतराला वेगाने भागले की काळ हाती येतो. 1950 च्या आसपास ब्रिटनमध्ये सॅम्युएल डेव्हन्स आणि सहकाऱ्यांनी हीच कल्पना उत्तेजित अवस्थेला लावली. ऑक्सिजन-16 ची 6.05 एमईव्हीची ती पातळी एकटा गॅमा किरण सोडूच शकत नाही, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी सोडते.

प्लंजरची रचना सांगायला सोपी आहे. त्वरकातली आयनशलाका एका पातळ वर्खावर आदळते. तिथे तयार झालेली केंद्रके पुढे उडतात आणि समोरच्या दुसऱ्या वर्खात रुतून थांबतात. वाटेत सुटलेल्या गॅमा किरणांची ऊर्जा डॉप्लर परिणामामुळे सरकलेली असते, थांबल्यावर सुटलेल्यांची नसते. वर्णपटात दोन शिखरे दिसतात. वर्ख दूर नेला की एक शिखर वाढते, दुसरे खचते. केंद्रकाचा वेग प्रकाशाच्या 3 टक्के असेल तर एका पिकोसेकंदात ते 9 मायक्रॉन जाते. 10 पिकोसेकंदांत साधारण केसाच्या जाडीएवढे.

पण ही दोन शिखरे वेगळी दिसायला हवीत. 500 केईव्हीच्या किरणाचे सरकणे जेमतेम 15 केईव्ही. सोडियम आयोडाइडच्या शोधकात दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. जर्मेनियमचे शोधक आल्यावरच हे काम रुळले. कॅनडातल्या चॉक रिव्हरला टॅव्हेंडेल आणि यूअन यांनी 1963 मध्ये असे शोधक वापरात आणले, आणि तिथल्याच अलेक्झांडर व बेल यांनी 1970 मध्ये प्लंजरचा कक्ष बांधला. वर्खांमधले अंतर त्यांनी विद्युत धारितेवरून मोजले: दोन वर्ख म्हणजे आयते कपॅसिटर.

खरी डोकेदुखी वर्खाचीच. तो सुरकुतीविना ताणायचा, समोरच्याला अगदी समांतर बसवायचा, आणि शलाकेच्या उष्णतेने फुगला तरी अंतर हलू द्यायचे नाही. शोधनिबंधात ही मेहनत एका ओळीत उरकतात. माझ्या मते निम्मा प्रयोग तिथेच असतो. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या प्लंजरमध्ये धारितेवर नजर ठेवून पिझो स्फटिक ते अंतर आपोआप सावरतात. त्याच गटातल्या डेवाल्ड, हरिसोपुलोस आणि फॉन ब्रेंटानो यांनी 1989 मध्ये विश्लेषणाची नवी पद्धत मांडली. वर्ख टेकल्याचा अचूक शून्यबिंदू तोवर कळीचा होता. या पद्धतीत त्याची गरजच उरली नाही, अंतरातला फरक तेवढा पुरतो.

एका पिकोसेकंदाच्या खाली मात्र ही फूटपट्टी अपुरी पडते. तिथे वर्खांमधली फट मिटवून केंद्रक जाड थरात हळूहळू थांबू देतात आणि शिखराच्या आकारावरून आयुष्य काढतात. कुलाब्याला टीआयएफआर या संस्थेच्या पेलेट्रॉन त्वरकावर 'इंगा' या जर्मेनियम शोधकांच्या संचाने असे काम झाले आहे.

न्यूट्रॉनची चणचण असलेल्या केंद्रकांनी दुसऱ्या वर्खाचे कामच बदलले. शिसे-186 घ्या. नेहमीच्या शिसे-208 पेक्षा त्यात 22 न्यूट्रॉन कमी. 2000 साली त्यात गोल, चपटा आणि लांबट अशा तीन आकारांच्या अवस्था शेजारी शेजारी सापडल्या. कोणत्या अवस्थेत किती विकृती आहे, हे आयुष्यावरून ताडून पाहता येते. पण क्रिप्टॉनचा पॅलेडियमवर मारा केल्यावर हे केंद्रक क्वचितच बनते. बहुतेक वेळा विखंडनच होते आणि त्याच्या गॅमा किरणांच्या गोंगाटात हवे ते हरवते. ओळख पटवायची तर केंद्रक पुढे विभाजक चुंबकांतून जाऊ द्यायचे आणि शेवटी त्याचा स्वतःचा अल्फा क्षय पकडायचा. मग वाटेत थांबवून कसे चालेल? म्हणून थांबवणाऱ्या वर्खाच्या जागी वेग फक्त कमी करणारा वर्ख आला. आता दोन्ही शिखरे सरकलेली आणि एकमेकांच्या जास्त जवळ, पण नेमकी हव्या त्या केंद्रकाची. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठात कोलोनचा प्लंजर, जुरोगॅम शोधक आणि रिटू विभाजक जोडून ग्रान आणि सहकाऱ्यांनी शिसे-186, शिसे-188 व पोलोनियम-194 यांची आयुष्ये मोजली. निष्कर्ष 2006 मध्ये आले.

रिटूत हेलियम भरलेला असतो, आणि विरळ वायूत पिझो स्फटिकांना लागणारी उच्च व्होल्टता म्हणजे ठिणगीला आमंत्रण. मँचेस्टर विद्यापीठाने पुढे खास प्रोटॉन-अबद्ध केंद्रकांसाठी प्लंजर बांधला, डीपन्स, त्यात कमी व्होल्टवर चालणारी मोटर बसवली. सीझियम-113 मध्ये स्थिर सीझियमपेक्षा 20 न्यूट्रॉन कमी असतात आणि ते आपणहून प्रोटॉन बाहेर टाकते. त्याच्या एका उत्तेजित अवस्थेचे आयुष्य या उपकरणाने 2016 मध्ये दिले: 24 पिकोसेकंद, 6 पिकोसेकंद इकडे-तिकडे.