खाटेजवळ कोण होते? : साथीचे इस्पितळ आणि रुग्णाची गरज

मे २०२० मध्ये पडघ्यावरून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गाने हजारो माणसे चालत गेली. मुंबई-ठाण्यातले मजूर, भिवंडीतले यंत्रमाग कामगार, डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेतलेल्या बाया. त्यांना पाणी आणि बिस्किटांचे पुडे देण्यासाठी गावकरी उभे असत, त्यांत आम्हीही काही दिवस होतो. एका बाईच्या अंगात ताप होता. "पडघ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र जवळच आहे, दाखवून जा," असे आम्ही सुचवले, तर ती घाईघाईने पदर सावरून पुढे निघाली. तिच्याबरोबरचा माणूस एवढेच म्हणाला, "आत घेतील, मग भेटू देणार नाहीत."

हे वाक्य आम्हांला कुठेतरी वाचल्यासारखे वाटले. पुढे टाळेबंदीच्या काळात १८९६-९७ च्या प्लेगविषयी वाचताना उलगडा झाला. शब्द निराळे होते, भीती मात्र तीच होती.

मराठीच्या वर्गात प्लेगचा विषय निघाला की तो बहुधा पुण्यात सुरू होतो आणि गणेशखिंडीत संपतो. रँड, घरझडत्या, २२ जून १८९७ ची रात्र, दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला हे सारे आपण शिकवतो आणि शिकवायलाही हवे. परंतु या कथनात एक व्यक्ती जवळजवळ गैरहजर असते, ती म्हणजे प्लेगचा रोगी. त्याला घरातून ओढून नेल्याचे आपण सांगतो. नेल्यावर त्याचे काय झाले, खाटेवर पडल्या पडल्या त्याला काय हवे होते आणि ते मिळाले का, हे विचारत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न विचारण्याचा प्रयत्न आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. महापालिकेने ऑक्टोबरमध्ये रोग्यांना सक्तीने आर्थर रोडच्या इस्पितळात हलवण्याचे अधिकार वापरावयास सुरुवात केली. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतर पालिकेने सक्ती काहीशी सैल केली. हिवाळा संपेतो जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. माणसे रेल्वेने, बोटींनी आणि आग्रा रोडने बाहेर पडली. कल्याण स्टेशनावर प्रवाशांना उतरवून त्यांची तपासणी होऊ लागली. आमच्या या टापूने माणसांचा असा लोंढा २०२० मध्ये पहिल्यांदा पाहिला, असे म्हणता येणार नाही.

इस्पितळावर चालून जाणाऱ्या जमावाला 'अडाणी' म्हणणे सोपे आहे. तत्कालीन सरकारी अहवालांनी ते म्हटलेही. अफवा विलक्षण होत्या, यात शंका नाही. इस्पितळात माणसांना उलटे टांगून 'मोमियाई' काढतात, राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले म्हणून तिचा कोप शमवण्यासाठी रोग्यांची काळजे विलायतेला धाडतात, असे लोक बोलत. साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपण या अफवांकडे एक प्रकारची संहिता म्हणून पाहावे, असे आम्हांला वाटते. आत गेलेला माणूस बहुधा जिवंत परतत नाही, त्याच्याजवळ आपले कोणी नसते, त्याच्या देहाचे काय होते ते आपल्याला कळत नाही, ही तीन निरीक्षणे त्या अफवांच्या मुळाशी आहेत. निष्कर्ष खोटा होता, पण निरीक्षणे खोटी नव्हती.

येथे एक वैद्यकीय वास्तव ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्या काळी प्लेगवर औषधच नव्हते. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत लस सिद्ध केली, ती निरोग्यांसाठी. रोग्याला बरे करणारे स्ट्रेप्टोमायसीन यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे इस्पितळाजवळ देण्यासारखे जे होते ते शुश्रूषेच्या स्वरूपाचेच होते : पाणी, स्वच्छ अंथरूण, पचेल असे अन्न, धीराचा शब्द. रोग्यालाही नेमके हेच हवे होते. तरीही शासनाने इस्पितळाची कल्पना केली ती शुश्रूषेचे ठिकाण म्हणून नव्हे, अलगीकरणाचे ठिकाण म्हणून. रोगी शहरातून दूर झाला की काम झाले. इस्पितळ शहराची गरज भागवत होते, रोग्याची नव्हे. लोकांनी हा फरक अचूक ओळखला होता.

काही ठिकाणी हा फरक कमी करण्याचे प्रयत्न झाले, हेही नमूद केले पाहिजे. नातेवाइकांना रोग्याजवळ राहू देणे, जातीचा स्वयंपाकी ठेवणे अशा सवलती आल्या. मुंबईत पारशी, जैन, खोजा इत्यादी समाजांनी आपापली प्लेग-इस्पितळे उघडली. पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटल निघाले, त्यात टिळकांचा पुढाकार होता. माणसे या इस्पितळांत तुलनेने विश्वासाने जाऊ लागली. मात्र ही सोय जातीच्या आणि पैशाच्या वाटेने आली. ज्यांच्या समाजापाशी इस्पितळ उभारण्याइतके धन नव्हते, त्यांच्या वाट्याला सरकारी झोपड्याच राहिल्या. रुग्णाची गरज ओळखली गेली, पण ती माणसाची गरज म्हणून नव्हे, जातीचा रिवाज म्हणून.

स्त्रियांच्या बाबतीत तर ती ओळखलीही गेली नाही. मे १८९७ मध्ये पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून पुण्याच्या प्लेग-इस्पितळात स्त्रियांच्या होणाऱ्या हेळसांडीविषयी आणि असुरक्षिततेविषयी जाहीर तक्रार केली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ती फेटाळली. त्याच सुमारास विलायतेत असलेल्या गोखल्यांनी सैनिकांच्या अत्याचारांविषयी केलेल्या आरोपांना पुरावा देता न आल्याने त्यांना परतल्यावर माफी मागावी लागली. इस्पितळाच्या आत घडणाऱ्या गोष्टींचा पुरावा आतच राहतो आणि तक्रार करणारा बाहेर असतो, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

याच वर्षी, याच पुण्याजवळ एक वेगळे इस्पितळ उभे राहिले. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांना बोलावून घेऊन हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे सांगितले जाते. त्यात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. या घटनेकडे आपण हौतात्म्य म्हणून पाहतो. ते योग्यच आहे, पण अपुरे आहे. सरकारी इस्पितळात ज्याच्याजवळ कोणी उभे राहत नव्हते आणि जातीच्या इस्पितळात ज्याला जागा नव्हती, त्याची गरज ओळखणारी व्यवस्था त्या मळ्यात होती. इस्पितळ कोणासाठी, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

राज्यकर्त्यांचे उत्तर मात्र ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्यात आहे. त्यात अवघी चार कलमे होती. शासनाला अधिकार, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने काम करणाऱ्याला संरक्षण, एवढाच त्याचा आशय. रुग्णाला काय मिळाले पाहिजे याविषयी एक अक्षर नव्हते. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने करोनासाठी हाच कायदा लागू केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वटहुकूम काढून डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांविरुद्ध तरतूद जोडण्यात आली. ती आवश्यकच होती. तथापि १२३ वर्षांनंतरही रुग्णाचे कलम त्यात आले नाही.

२०२०-२१ चे इस्पितळ १८९७ च्या इस्पितळासारखे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. या वेळी इस्पितळ माणसाला खरोखर वाचवू शकत होते. प्राणवायू हीच पहिली गरज होती. ती किती नाजूक धाग्यावर टांगलेली असते, हे २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले तेव्हा दिसले. आमच्या तालुक्यात सवाद येथे जिल्हा परिषदेने शेकडो खाटांचे कोविड रुग्णालय उभारले. भिवंडीच्या शांतीनगरात एका मशिदीत लोकांनी प्राणवायूची मोफत सोय केली, आणि तेथे कोणाचा धर्म विचारला जात नव्हता. १८९७ च्या समाजवार इस्पितळांच्या पुढचे हे पाऊल आहे.

तरीही एक गरज तशीच उरली. आमच्यापैकी एकाची आत्या त्या एप्रिलमध्ये जवळच्या एका शहरातील रुग्णालयात अकरा दिवस होती. प्राणवायू मिळाला, औषधे मिळाली. घरच्यांना मात्र फाटकावर एकच उत्तर मिळे, "पेशंट स्टेबल आहे." नवव्या दिवशी एका वॉर्डबॉयने आपला फोन आत्याच्या कानाशी धरला. तिने विचारले ते एवढेच, "तुम्ही सगळे मला सोडून तर नाही ना गेलात?" ती वाचली. पुढे आजाराचा विषय निघाला की ती औषधांविषयी बोलत नसे, त्या फोनविषयी बोले. त्या मुलाने तो फोन कोणत्याही नियमाने लावून दिला नव्हता. कदाचित नियम मोडूनच दिला असेल.

इस्पितळाने रुग्णाची गरज किती भागवली याची मोजदाद खाटा, सिलिंडर आणि मृत्युदर यांनी होते. ती व्हायलाच हवी. पण १८९६ च्या गिरणी कामगाराने, रमाबाईंनी आणि महामार्गावरून ताप अंगावर घेऊन चालत गेलेल्या त्या बाईने आणखी एक माप वापरले होते : खाटेजवळ कोण असेल? पुढची साथ केव्हा येईल, कोणास ठाऊक. ती येण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर वॉर्डबॉयच्या भलेपणावर न सोडता नियमात लिहिले गेले पाहिजे. आणि प्लेगचा धडा शिकवताना गणेशखिंडीकडे जाण्याआधी आम्ही आता आर्थर रोडच्या फाटकाशी थोडा वेळ थांबणार आहोत.