ध्वनिवेगोल्लंघनाचीं स्वाक्षरित स्मरणपत्रें

तारीख १४ ऑक्टोबर १९४७ रोजीं कॅलिफोर्नियांतील म्यूरॉक येथें कॅप्टन चार्ल्स येगर यांनीं विमानांतून ध्वनीच्या वेगाचें प्रथम उल्लंघन केलें. बी-२९ जातीच्या मोठ्या विमानाच्या पोटाखालून सोडलेलें त्यांचें रॉकेट-विमान सुमारें ४३,००० फूट उंचीवर ध्वनिवेगाच्या १.०६ पट वेगानें गेलें. या प्रसंगाचीं येगर यांच्या सहीचीं चित्रें व टपालाचीं पाकिटें आज संग्राहकांजवळ पुष्कळ आढळतात. त्यांवर उड्डाणाची तारीख छापलेली असली, कीं घेणारा तीच सहीचीहि तारीख समजतो. स्मृतिकारांनीं लिखितास प्रमाण मानलें खरें, परंतु संशयित लेखाची परीक्षा करण्यासहि त्यांनींच सांगितलें आहे.

मुख्य गोष्ट अशी कीं, हा पराक्रम त्या दिवशीं गुप्त होता. डिसेंबर १९४७ मध्यें 'एव्हिएशन वीक' या नियतकालिकानें तो फोडला व सरकारनें जून १९४८ मध्यें मान्य केला. तेव्हां त्या ऑक्टोबरांत जाहीर स्मरणपत्र निघणें संभवतच नाहीं.

पेशवाईंतील कागद पारखतांना आपण पदवी व स्थलनाम पाहतों, तसेंच येथेंहि पाहावें. विमानाचें नांव तेव्हां 'एक्स-एस-१' होतें. त्यांतील 'एस' १९४८ त गळला. म्यूरॉकच्या तळास एडवर्ड्स हें नांव डिसेंबर १९४९ मध्यें मिळालें. ज्यांच्या स्मरणार्थ तें दिलें, ते वैमानिक ग्लेन एडवर्ड्स जून १९४८ मध्यें विमान कोसळून मृत्यु पावले. म्हणजे येगर यांच्या उड्डाणाच्या दिवशीं ते हयात होते! त्या दिवसाच्या म्हणविणाऱ्या कागदावर तळाचें नांव एडवर्ड्स दिसल्यास शाई तपासण्याचें कारण उरत नाहीं. सहीपुढें ब्रिगेडियर जनरल हें पद असल्यास ती १९६९ च्या अलीकडची.

उड्डाणापूर्वीं येगर घोड्यावरून पडून त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या. उजवा हात चालेना, म्हणून विमानाचें दार लावण्यास त्यांचे सहकारी जॅक रिडले यांनीं झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून दिला. रिडले १९५७ त विमान-अपघातांत वारले. अमेरिकन टपालखात्यानें या उड्डाणाचें ३२ सेंटांचें तिकीट १४ ऑक्टोबर १९९७ रोजीं काढलें. त्याच्या पाकिटावर कोणी रिडले यांची सही दाखवूं लागल्यास ती बनावट हें उघडच आहे.

येगर मात्र २०२० पर्यंत जगले. त्यांनीं वार्धक्यांत केलेली सही माझ्या मतें खोटी नव्हे. ती वृद्ध सेनाधिकाऱ्याची साक्ष आहे. तीच तरुण कॅप्टनची म्हणून विकणें हें असत्य, आणि भोळ्या संग्राहकाचें द्रव्य त्यांतच जातें.

त्या दिवसाचा अस्सल कागद निराळा आहे. १४ ऑक्टोबर १९४७ ही मिति घातलेली येगर यांची वैमानिक-टिपणी उपलब्ध आहे. तिच्या मथळ्यांत ध्वनीचा उल्लेखहि नाहीं. एक्स-एस-१ च्या नवव्या शक्तिचलित उड्डाणाची टिपणी, एवढेंच तेथें म्हटलें आहे. आणि खालीं येगर यांचें पद कॅप्टन असें आहे.