कोळंबीचा घास

केरळातल्या पोक्काळी शेतांत भाताच्या फक्त लोंब्या कापतात. धाटं तशीच पाण्यात कुजतात. भरतीबरोबर कोळंबीची पिल्लं आत येतात आणि त्या धाटांवर चढलेल्या सूक्ष्म जीवांच्या बुळबुळीत थरावर पोसली जातात. गोव्याच्या खाजणांतही मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, शिरणाऱ्या कोळंबीला वेगळं खाद्य कुणी टाकत नसे. कोळंबीला मासळी भरवायची चाल त्या मानाने फार अलीकडची.

जपानच्या मोतोसाकु फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात कुरुमा कोळंबीची अंडी बंदिस्त पाण्यात उबवली. पिल्लं आधी डायटम शेवाळावर जगली. पुढे त्यांना शिंपल्यांचं नि मासळीचं मांस चिरून घालावं लागे. तैवानात आय-च्यू लियाव यांनी १९६८ मध्ये टायगर कोळंबीचं बीज तयार केलं. तळी वाढत गेली, ताजं मांस पुरेना, आणि कोरडं दाणेदार खाद्य आलं. त्याचा मुख्य आधार फिशमील, म्हणजे बारीक मासळी शिजवून, पिळून, वाळवून केलेली पूड. तिचा मोठा पुरवठा पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हेटा मासळीतून होई. १९७० साली ती एक कोटी टनांहून जास्त पकडली गेली. बेसुमार मासेमारीवर १९७२ चा एल निनो आला आणि ती पकड पार कोसळली. गरिबाच्या ताटात जाऊ शकणारी मासळी दळून निर्यातीच्या कोळंबीला घालणं मला कधीच पटलेलं नाही. पण खाद्यातली मासळी कमी होऊ लागली ती पुडीच्या भावामुळे.

पर्याय समोरच होता: सोयापेंड. कोळंबीने मात्र तो सहज स्वीकारला नाही. कच्च्या सोयात पचन अडवणारी द्रव्यं असतात, म्हणून पेंड नीट भाजावी-वाफवावी लागते. सोयात मेथिओनिन कमी असतं, तेही वरून घालावं लागतं. सगळ्यात नवलाची गोष्ट कोलेस्टेरॉलची. आपलं शरीर ते स्वतः बनवतं, कोळंबीला ते बनवता येत नाही, आणि त्याशिवाय तिला कात टाकता येत नाही. मासळीच्या पुडीत ते आपसूक मिळे. सोयात ते जवळपास नसतंच, म्हणून खाद्यात वेगळं मिसळावं लागतं. तरीही एक अडचण उरतेच. कोळंबी अन्न शोधते ते वासावर, आणि सोयाला तिला ओढून आणणारा वास नाही. म्हणून माखलीची किंवा क्रिलची चिमूटभर पूड अजूनही लागते.

शिवाय तिचं खाणं संथ. दाणा पायांत धरून ती जबड्याने जरा जरा कुरतडते. तोवर पाण्यात त्यातला वास नि सत्त्व विरघळत राहतं. दिवसातून दोन-तीनदा ओंजळीने फेकलेलं खाद्य अर्धवट खाल्लं जातं, उरलेलं तळाशी सडतं. पालनाच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा, म्हणजे तिथे पैसाच सडतो. तळाशी ठेवलेला चेक ट्रे उचलून उरलेलं खाद्य पाहिलं, तर फार तर अंदाज येतो.

तळ्याच्या गढूळ पाण्यात कोळंबीचं खाणं दिसत नाही, पण ऐकू येतं. कुरतडताना जबडे मिटले की बारीक टकटक होते. पाण्यात सोडलेला हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, ती टिपतो. टकटक वाढली की यंत्र दाणे सोडतं, मंदावली की थांबतं. टास्मानियातल्या एक्यू१ या कंपनीने ही पद्धत तळ्यांवर आणली. आपल्याकडे विजयवाड्याच्या एरुवाका कंपनीने स्वयंचलित फीडर बनवले. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या ॲलन डेव्हिस यांच्या गटाने अलाबामातल्या तळ्यांत सोयाप्रधान खाद्य देऊन तुलना केली. तिथे आवाजावर चालणाऱ्या फीडरच्या तळ्यांतली व्हेनामी जातीची कोळंबी दिवसातून दोनदा खाद्य मिळणाऱ्या तळ्यांतल्यापेक्षा बरीच मोठी भरली. ताजा दाणा थोडा थोडा, वारंवार मिळाला, तर सोयाचा फिका वासही कोळंबीला पुरतो, असं मला यातून दिसतं.

हायड्रोफोनचं यंत्र मोजक्या तळ्यांच्या पालकाला महागच पडतं. त्याच्यासाठी साधा टायमरवाला फीडरही कामाचा आहे: तोच दाणा दिवसभरात विभागून पडला, तरी वाढीत फरक दिसतो.