नेटवर्कवरची मोजदाद : प्रस्तावना

महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगत आलेली चौदा गावे जिवती तालुक्याच्या सीमेवर आहेत. तिथल्या अनेक कुटुंबांकडे दोन रेशनकार्डे आहेत, नावे दोन मतदार याद्यांत आहेत. माणूस एकच, घर एकच, मोजणारे दोन. कंपनीतल्या संगणकांची मोजदाद शिकू पाहणाऱ्याने आधी या गावांकडे पाहावे. या विषयाचा मूळ प्रश्न तोच आहे: ‘एक’ कशावरून ठरवायचा?

लॅपटॉपच्या केबल-जोडणीचा मॅक पत्ता वेगळा, वाय-फायचा वेगळा. आयपी पत्ता तर डीएचसीपी सर्व्हरने मुदतीपुरता दिलेला. यांपैकी कशालाही ओळख मानले, की एकच यंत्र यादीत दोनदा चढू शकते. मदरबोर्डचा अनुक्रमांक अधिक भरवशाचा, पण तो मिळवायला यंत्राच्या आत पोहोचावे लागते. पद्धतीची निवड इथून सुरू होते.

बाहेरून केलेला स्कॅन अनोळखी यंत्रही दाखवतो. १९९७ साली आलेले एनमॅप हे त्याचे सर्वांत परिचित साधन. मात्र बंद असलेले यंत्र त्याला सापडत नाही. शिवाय आयपीव्ही६च्या नेहमीच्या एका सबनेटमध्ये २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात. ते एकेक करून तपासणे अशक्यच. याउलट यंत्रात बसवलेला एजंट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, आतली बित्तंबातमी देतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या सॉफ्टवेअर-घटकातली गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा ‘हे आपल्याकडे कुठे कुठे आहे?’ याचे उत्तर नुसत्या पत्त्यांच्या यादीत नव्हते. प्रत्येक यंत्रातल्या सॉफ्टवेअरची नोंद हवी होती. पण ज्यात एजंट बसवलाच नाही, त्या यंत्राबद्दल तो काही सांगू शकत नाही.

जिवतीचा डोंगर उतरला की गडचांदूरचा सिमेंटपट्टा लागतो. अशा कारखान्यांत यंत्रणा चालवणारे जुने पीएलसी स्कॅनच्या माऱ्याने अडखळू शकतात. तिथे स्विचवरून जाणारी रहदारी नुसती ऐकत राहणे हाच शहाणपणाचा मार्ग. वेळ लागला तरी चालेल, उत्पादन थांबता कामा नये.

माझे मत स्पष्ट आहे: एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन पद्धती निवडाव्यात आणि त्यांच्यात जिथे मेळ बसत नाही, तिथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

वाचकाला विनंती एवढीच, की आपल्या कंपनीची डीएचसीपीची यादी आणि खरेदी विभागाची यादी शेजारी ठेवावी, न जुळणाऱ्या नोंदींवर खूण करावी आणि त्या घेऊनच पहिल्या प्रकरणाकडे वळावे.