निकालागणिक अनुदान

इंग्लंडमधील प्राथमिक शाळांना सरकारी खजिन्यातून मिळणारी मदत १८६० च्या सुमारास इतकी वाढली होती की, या पैशाचे फळ काय, असा प्रश्न पार्लमेंटात उठणे स्वाभाविकच होते. न्यूकॅसल आयोगाने १८६१ साली आपला अहवाल सादर केला आणि शिक्षणखात्याची धुरा वाहणारे रॉबर्ट लो यांनी पुढच्याच वर्षी सुधारित नियमावली अमलात आणून एक सुटसुटीत तोड काढली. शिक्षण चांगले झाले तर पैसे द्यावे लागतील. न झाले तर निदान पैसे तरी वाचतील, असा त्यांचा हिशेब होता. पैसे वाचले, हे मात्र खरे. आठ लाख पौंडांवर गेलेले अनुदान चारेक वर्षांत साडेसहा लाखांच्या आत आले.

नियम असा होता : सहा वर्षांवरील ज्या मुलाची हजेरी दोनशे वेळांहून अधिक भरेल, त्याच्यामागे शाळेला आठ शिलिंग मिळावयाचे, परंतु तपासनिसापुढे वाचन, लेखन आणि गणित यांपैकी ज्या विषयात ते नापास होईल, त्या प्रत्येकापायी दोन शिलिंग आठ पेन्स कापावयाचे. परीक्षेच्या दिवशी मूल तापाने फणफणून घरी राहिले, तर त्याचे वर्षभराचे शिक्षण हिशेबातून गळाले! मूल सुखवस्तू घरचे की शेतमजुराचे, याची विचारपूस या तराजूत नव्हती. पुष्कळ ठिकाणी शिक्षकाचा पगारही याच रकमेवर अवलंबून राहू लागला.

मॅथ्यू अर्नोल्ड आपल्याला कवी आणि टीकाकार म्हणून परिचित आहेत. पण १८५१ पासून तब्बल पस्तीस वर्षे ते शाळा-तपासनीस होते. मुलांना खरेखुरे वाचता न येताही वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण करविता येते, हे त्यांनी आपल्या अहवालांत स्पष्टपणे नोंदविले. वर्षभर एकच पुस्तक घोकून घेतले की काम भागे. पूर्वी तपासनीस साऱ्या शाळेकडे पाहत असे. आता तो मुलांमागून मुले तपासणारा हिशेबनीस झाला.

मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांच्या अनुदानालाही त्याच दशकात हे तत्त्व लागू झाले. आपल्याकडील ‘दिपोटी’च्या तपासणीची धास्ती ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल, त्यांना त्या वातावरणाची कल्पना सहज येईल.

इंग्लंडमध्ये ही पद्धत १८९० नंतर क्रमाक्रमाने मोडीत निघाली. पण एडमंड होम्स या निवृत्त मुख्य तपासनिसाने १९११ साली लिहिले, ते असे की, बंधन सुटले तरी तिशीहून अधिक वर्षे त्यात वाढलेल्या शिक्षकांना मोकळेपणाने शिकवावे कसे, हेच उमजत नव्हते.