कुमार गंधर्व : बालपणीच्या कौतुकाचे मोल

१/९
बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म झाला. हे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. जगाने त्यांना ज्या नावाने ओळखले, ते त्यांना बालपणीच मिळाले होते : कुमार गंधर्व.

२/९
वडील सिद्धरामय्या स्वतः गायक. मुलाला मात्र रीतसर तालीम मिळालेली नव्हती. सहा-सात वर्षांचा असताना तो एकाएकी गाऊ लागला. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे यांच्या तबकड्या तो ताना-हरकतींसह हुबेहूब म्हणे. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला ही उपाधी दिली.

३/९
उपाधीपाठोपाठ जलसे आले. इतर मुले शाळेत जात, त्या वयात हा मुलगा गावोगावी मैफली गात होता. १९३५च्या सुमारास अलाहाबादची संगीत परिषद आणि १९३६ मध्ये मुंबईचा जिना हॉल त्याने जिंकला. जाणकारही थक्क झाले.

४/९
परंतु हे कौतुक कशाचे होते? त्या काळची तबकडी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तासभर फुलणारा राग तीत आटवून बसवलेला असे. मुलाला रागाचे तयार रूप मुखोद्गत होते. तो कसा उमलतो, हे त्याला कोणी दाखवलेले नव्हते. टाळ्या त्याला मिळत, पण गाणे दुसऱ्यांचे असे.

५/९
महाराष्ट्राला असे कौतुक नवे नव्हते. नारायण राजहंस हा सुमारे दहा वर्षांचा मुलगा १८९८ मध्ये लोकमान्य टिळकांसमोर गायला आणि ‘बालगंधर्व’ ठरला. वार्धक्यातही ‘बाल’ त्यांच्या नावापुढून गेला नाही. अशी उपाधी मिळते मुलाला. निभवावी लागते मोठ्या माणसाला.

६/९
१९३६ मध्ये कुमार मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे आले. पलुसकरांचे हे शिष्य कोणत्याही एका घराण्यात अडकलेले नव्हते. नावाजलेल्या बालगायकाला आता विद्यार्थी व्हायचे होते. नक्कल सोडून, स्वर आणि राग मुळापासून समजून घेण्यात सुमारे दशकभर गेले.

७/९
१९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि त्यानंतर लवकरच क्षयाचे निदान झाले. कोरड्या हवेसाठी १९४८च्या जानेवारीत दोघे माळव्यातील देवासला आले. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली. भानुमतींनी शुश्रूषा केली, शिक्षिकेची नोकरीही केली. लहानपणापासून गाणे हीच ज्याची ओळख, त्याच्या वाट्याला आता सक्तीचे मौन आले.

८/९
या मौनात त्यांच्या कानी माळव्याची लोकगीते पडत राहिली. तिथे उतरवून घ्यावी अशी तबकडी नव्हती आणि टाळ्या देणारा श्रोताही नव्हता. रागाचे बीज लोकधुनेत आहे, हा त्यांचा विचार इथेच पक्का झाला. स्ट्रेप्टोमायसिनने प्राण वाचले. एक फुप्फुस मात्र कायमचे दुबळे झाले.

९/९
१९५३च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले, तेव्हा जुने श्रोते चकित झाले. लहान पल्ल्याचे, धारदार स्वरसमूह आणि मधली बोलकी शांतता : या गाण्यात कोणाचीही नक्कल नव्हती. वयाच्या सातव्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या गायकाला स्वतःचे गाणे तिशीच्या उंबरठ्यावर सापडले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला त्यांचे निधन झाले. सदुसष्टाव्या वर्षीही ते ‘कुमार’च होते.