डोडोची हाडे

ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेल्या पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने १६२८ ते १६३४ या काळात मॉरिशसहून आणलेले दोन डोडो सुरतेत पाहिले. आणि ज्यांना उडताही येत नाही व पोहताही येत नाही असे पक्षी इतर भूमीपासून इतक्या दूरच्या त्या बेटावर कसे आले, हवा आणि माती यांनी दीर्घकाळात त्यांचे मूळ रूप पालटले असेल काय, असा प्रश्न त्याने पुढे आपल्या रोजनिशीत नमूद केला. डार्विनच्या दोन शतके आधीच्या या चाकरमान्याची दृष्टी विलक्षणच म्हणावी लागेल.

उत्तर मिळण्यापूर्वी पक्षीच संपला. डच खलाशी १५९८ मध्ये बेटावर उतरले. १६६२ नंतरची निर्विवाद नोंद नाही. सारा दोष खलाशांच्या भुकेवर ढकलण्याचा प्रघात मला अपुरा वाटतो. जमिनीवर घातलेले एकुलते एक अंडे जहाजांतून आलेल्या डुकरांच्या, माकडांच्या आणि उंदरांच्या तावडीतून वाचणे अधिक दुष्कर होते. ऑक्सफर्डला पेंढा भरून ठेवलेला डोडोही अठराव्या शतकात कुजला, आणि एक मस्तक व एक पाय एवढाच ऐवज शिल्लक राहिला.

कोपनहेगनमधील एका कवटीवरून राइनहार्ट या प्राणिशास्त्रज्ञाने डोडो हा पारव्यांच्या कुळातला असे प्रतिपादिले, तेव्हा त्याची टवाळी झाली. परंतु स्ट्रिकलंड आणि मेलव्हिल यांनी १८४८ च्या ग्रंथात तोच निर्णय कायम केला. संपूर्ण सांगाड्याची उणीव १८६५ मध्ये भरून निघू लागली. जॉर्ज क्लार्क या शाळामास्तराने मॉरिशसमधील मार ओ साँज नावाच्या दलदलीत मजूर उतरवले, आणि त्यांनी गढूळ पाण्याखालच्या चिखलात पायांनीच चाचपडून हाडे हुडकली. त्या हाडांवर रिचर्ड ओवेनने शरीररचनेचा प्रबंध रचला: पाय आणि कटिभाग भक्कम, पंख आखूड, आणि उड्डाणाचे स्नायू ज्याला बिलगतात तो उरोस्थीवरील उभा कंगोरा देहाच्या मानाने अगदीच खुजा.

२००२ मध्ये जनुकीय परीक्षणाने आप्तसंबंध अधिक नेमका केला. डोडोचा सर्वांत जवळचा हयात नातलग ठरला तो निकोबारी पारवा, जो हिरव्या-तांबूस झळाळीची पिसे घेऊन आजही समुद्रावरून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चरायला जातो, आणि कठीण बिया पोटातल्या खड्याने दळून पचवतो. तसलाच खडा डोडोही पोटात बाळगीत असे.